गाणं संपायच्या आत

तिला सगळे भिंगरी म्हणायचे आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. बाई एका जागी बसलेली दिसली की लोक काळजीने विचारायचे, "बरं नाही का?" जेवताना ती दोनदा उठायची. बोलता बोलता समोरच्याची कॉलर सरळ करायची. नवऱ्याच्या ताटात शेवटचा घास उरलेला असताना ताट उचलून विसळायला घेऊन गेलेली असायची. नवरा पुस्तकं बांधायचा. खळ वाळेपर्यंत गप्प बसून राहणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या गळ्यात ही वावटळ पडली होती. त्याने कधी तक्रार केली नाही. शेवटचा घास आधीच हातात धरून ठेवायला तो शिकला होता.

पण जगात एक जागा अशी होती, जिथे या बाईच्या घाईचं चीज होत होतं. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा. नकला, प्रहसनं, थोडा नाच, आणि मधे मधे पाहुण्या गायक-गायिकांची गाणी. सगळं थेट. समोर स्टुडिओत प्रेक्षक बसलेले, कॅमेरे चालू, आणि जे घडेल ते त्याच क्षणी घराघरांत पोचायचं. चुकलं तर चुकलं, पुसायला रबर नाही. भिंगरी तिथे कपडे घालायच्या कामावर होती. मास्तरांना कपडे घालायच्या.

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. फार पूर्वी त्यांनी वर्गात झोपणाऱ्या एका मास्तराची नक्कल केली आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोच्या बहिणीची मुलंसुद्धा त्यांना काका न म्हणता मास्तर म्हणायची. कार्यक्रमाचा कणा तेच. एकाच संध्याकाळी ते पोस्टमन व्हायचे, न्हावी व्हायचे, पुढारी व्हायचे, सासऱ्याला घाबरणारे जावई व्हायचे. एका प्रहसनातून दुसऱ्यात जायला मधे वेळ मिळायचा तो फक्त पाहुण्याच्या गाण्याचा. गाणं संपायच्या आत पोस्टमनचा पुढारी झाला पाहिजे. ते काम भिंगरीचं.

मागच्या पडद्याच्या पाठीशी एक चिंचोळी जागा होती. तिथे एक निळा मिणमिणता दिवा, एक स्टूल, कपडे अडकवायची दांडी, आणि ही दोघं. मास्तरांचे सगळे कपडे तिने उसवून नव्याने शिवलेले. कोटाची पुढची बटणं नुसती शोभेची, खाली टिचबटणं. पँट दोन्ही बाजूंनी उघडणारी. शर्ट, जाकीट आणि टाय एकमेकांना शिवून एकच केलेले, म्हणजे पाठीमागून घातले की माणूस तयार. शिवाय जमेल तितकं एकावर एक घालून ठेवायचं. वर न्हावी, न्हाव्याच्या आत पोस्टमन, पोस्टमनच्या आत आणखी कुणीतरी. प्रेक्षकांत एक समज होता की मास्तर शनिवारी जरा अंगाने भरतात.

घड्याळ तिला चालायचं नाही. अंधारात घड्याळ बघायचं की बक्कल लावायचं? ती गाण्यावर काम करायची. दुपारच्या तालमीत पाहुणा गायला लागला की ही शेवटच्या रांगेत उभी राहून हवेत हात हलवायची. पहिल्या ओळीला टोपी, दुसरीला कोट, व्हायोलिनच्या तुकड्याला बूट, दुसऱ्या कडव्याला मिशी, शेवटच्या ध्रुवपदाला आरसा. गाण्यात कुणाचं मन मोडलंय आणि कोण कुणाची वाट बघतंय, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. एकदा किराणा दुकानात रेडिओवर एक विरहगीत लागलं आणि हिचा हात रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका परक्या गृहस्थाच्या कोटाला गेला. नवऱ्याने एकदा, फार वर्षांनी कधी नव्हे ते, लाडात येऊन एक जुनं प्रेमगीत गुणगुणलं, तर ही म्हणाली, "हे न्हाव्याचं." तो बिचारा पुन्हा गायला नाही.

अंधारात बोलायचं ते हिनेच. "हात. दुसरा. पाय. मान वर." मास्तर निमूट ऐकायचे. बाहेर ज्यांच्या एका भुवईवर सारा स्टुडिओ हसायचा, ते इथे आंघोळ घातलेल्या पोरासारखे उभे. ते म्हणायचे, "माझ्या आईनंतर इतक्या हक्काने मला कुणी कपडे घातले नाहीत." भिंगरी म्हणायची, "बोलू नका, मिशी वाकडी बसेल."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि असंच चालत राहिलं असतं. पण एका शनिवारी पाहुणी म्हणून एक वयस्कर गायिका आली. बाईंना पुष्कळ दिवसांनी कुणीतरी बोलावलं होतं. त्या अशा काही गायल्या की लोक टाळ्या थांबवेनात. बाईंचं पाऊल काही परत फिरेना. त्यांनी बँडला खूण केली आणि पहिलं कडवं पुन्हा धरलं. वरच्या काचेच्या खोलीत निर्माता डोक्याला हात लावून बसला, आणि पडद्यामागे भिंगरीचं काम संपलेलं होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांना नुसतं उभं राहायला मिळालं. भिंगरीने मास्तरांचा खांदा झटकला. मग दुसरा झटकला. मग पुन्हा पहिला. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "भिंगरे, आता मी कोण?"

तिला वाटलं, थट्टा. ती म्हणाली, "आरशात बघा."

मास्तरांनी आरशात बघितलं. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचा फोटो बघावा तसं बघितलं. "बॅग आहे हातात," ते म्हणाले. "म्हणजे… पोस्टमन?"

"पोस्टमन मघाशी होऊन गेला. आता डॉक्टर."

"हां, डॉक्टर." त्यांनी मान हलवली. "पहिलं वाक्य काय?"

ते काही हसत नव्हते. निळ्या उजेडात त्यांच्या वरच्या ओठावर घाम दिसला. तिने तालमीत ऐकलं होतं ते वाक्य सांगितलं, "जीभ दाखवा. तुमची नको, बायकोची दाखवा. म्हणजे तुमचा आजार कळेल."

बाहेर गाणं संपलं, पडदा सरकला, मास्तर उजेडात गेले. "जीभ दाखवा," म्हणाले आणि इतक्या अचूक जागी थांबले की पुढचं वाक्य येण्याआधीच लोक हसत सुटले. सगळं प्रहसन बिनचूक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंगरी मागे रिकामा हँगर हातात घेऊन उभी होती आणि तिला एकामागून एक गोष्टी आठवत होत्या. मेकअपची खोली कुठे आहे असं मास्तरांनी दोनदा विचारलं होतं. बँडवाल्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली होती, तो बाप कधीचा गेलेला. दोन्ही वेळा सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्याने हीच हसली होती.

पुढच्या तालमीच्या दिवशी मास्तरांनीच तिला मेकअपच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"विचार," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"हंगाम सुरू झाला तेव्हापासून. थोडं आधीपासूनही असेल, ते आता कसं आठवणार?" स्वतःच्या विनोदावर ते जरासे हसले. "उजेडात गेलो की सगळं येतं गं. पाय आपोआप चालतात. बाहेर आलो की अंधार. तुझ्या घाईने मला तारलंय बघ. तू ओढतेस, ढकलतेस, मला विचार करायला सवडच देत नाहीस. त्या दिवशी सवड मिळाली आणि पंचाईत झाली."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. जीभ दाखवा म्हणाले." मग हसू मावळलं. "हे बघ, हा माझा शेवटचा हंगाम. शेवटच्या शनिवारी कार्यक्रम संपताना मी स्वतः पुढे येईन, लोकांना सांगेन की आता पुरे, आणि वाकून नमस्कार करून निघून जाईन. माणसांनी मला हसत निरोप द्यावा. कीव करत नको. तोवर तुझ्या तोंडून ब्र निघता कामा नये. निर्मात्यापाशी नाही, माझ्या घरी तर नाहीच नाही. शपथ घे."

तिने घेतली. आणि बोलून चालून अशी बाई, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे! शेजारणीच्या घरात कोणती भाजी शिजतेय हे हिच्यामुळे सगळ्या जिन्याला कळायचं. तिला वाटलं, हे गुपित पोटात ठेवायचं म्हणजे गरम इस्त्री पोटात ठेवण्यासारखं आहे. तिने घरातली स्वच्छ कपाटं पुन्हा धुतली. चांगले पडदे उसवून परत शिवले. भांडी उतरवली, लावली, पुन्हा उतरवली. नवऱ्याने खळीच्या भांड्यातून ब्रश बाहेर काढून विचारलं, "काही झालंय का?"

"मला काय होणार?"

"नाही, कालपासून तू कुणाबद्दल काही बोलली नाहीस."

तिला रडू आलं, म्हणून ती उठून त्याचं ताट घेऊन गेली. तो अजून जेवायला बसला नव्हता.

आता अंधारातली तिची भाषा बदलली. प्रत्येक टिचबटणाबरोबर एकेक शब्द. "हात. तुम्ही न्हावी आहात. दुसरा. गिऱ्हाईक बहिरं आहे. पाय. त्याला दाढी करायचीच नाहीये, तो पत्ता विचारायला आलाय. मान वर. पहिलं वाक्य, 'बसा, खुर्ची गरम आहे.'" शेवटचं वाक्य नेहमी मिशीबरोबर, कारण मिशी शेवटी, आणि शेवटी सांगितलेलं बाहेर जाईपर्यंत टिकायचं. तालमीला ती आता गाण्याबरोबर प्रहसनंही पाठ करायची. ओठ हलायचे, हात हलायचे. लाइटवाले म्हणायचे, भिंगरीला नटी व्हायचंय वाटतं.

जिला कशाचीच भीती वाटत नसे, ती आता गाण्यांना भ्यायला लागली. गाणं लांबलं तर मास्तर विसरणार, गाणं आखूड झालं तर तिचं सांगून संपणार नाही. पाहुणा पडद्यापुढे उभा राहिला की हिचा जीव टांगणीला. दर शनिवारी कार्यक्रम संपला की मास्तरांची बायको घरचे कपडे पिशवीत घेऊन आत यायची. शांत, जाड चष्म्याची बाई, हळू बोलायची. ती विचारायची, "आज ठीक झालं ना सगळं?" भिंगरी तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणायची, "एकदम छान," आणि नसलेलं काम आठवून पळायची. त्या बाईशी खोटं बोलताना तिला स्वतःची शरम वाटायची. एकदा तर तिने तिला बघून सरळ कपड्यांच्या दांडीमागे दडी मारली. खाली पाय दिसत होते.

एकेक शनिवार असा ढकलत ढकलत हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला.

पाहुणा होता एक तरुण गायक. त्या दिवसांत त्याचं नाव फार गाजत होतं. तालमीत त्याने पूर्ण गाणं म्हटलं, दोन कडवी, तिसऱ्यांदा ध्रुवपद. भिंगरीने हवेत हात हलवून सगळं बसवून घेतलं. गाण्याआधी मास्तर पोस्टमन, गाण्यानंतर उशिरा उठलेला कारकून. कारकुनाचं प्रहसन एकट्याचं होतं. घरातली खोली, खाट, दार, आणि कचेरीत जायला निघालेला माणूस स्वतःशीच बडबडतो. तालमीनंतर गायक गरम पाणी मागत होता हे तिने ऐकलं होतं, पण गायक काय, सगळेच मागतात.

पोस्टमनचं प्रहसन रंगलं. मास्तर घामाघूम होऊन आत आले. गाणं सुरू झालं. टोपी काढली, थैली काढली, कारकुनाच्या कोटाची एक बाही चढवली. "तुम्ही कारकून," भिंगरी कुजबुजली. "उशीर झालाय तुम्हाला. घरात एकटे आहात." दुसरं कडवं सुरू झालं आणि तिसऱ्या शब्दावर गायकाचा आवाज फाटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. तो पोरगा घाबरला, छातीवर हात ठेवून वाकला, आणि लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्यांचा कडकडाट. बँडने कसाबसा शेवट गाठला. पडद्याची दोरी ओढणाऱ्याला टाळ्या कळतात, बाकी काही कळत नाही. त्याने ओढली.

उजेड आत आला आणि मास्तर त्या उजेडाकडे चालायला लागले. टाळ्या ऐकल्या की त्यांचे पाय थांबत नसत. एक हात कोटात, एक बाहेर, खाली पोस्टमनची पँट, पोस्टमनची मिशी अर्धीच काढलेली, आणि पहिलं वाक्य तर अजून सांगायचंच होतं. भिंगरीच्या हातात कोटाची दुसरी बाही होती. सोडली असती तर ती अंधारात सुखरूप राहिली असती. मास्तर मात्र साऱ्या लोकांसमोर, घराघरांत, एका बाहीनिशी उभे राहिले असते आणि त्यांनी विचारलं असतं, मी कोण.

तिने बाही सोडली नाही. ती तशीच त्यांच्या मागोमाग उजेडात गेली. अंगात मळका करडा एप्रन, ओठांत टाचण्या धरलेल्या.

लोक हसले. आधी थोडे, मग सगळेच; त्यांना वाटलं, ही कारकुनाची बायको. भिंगरीचं धाबं दणाणलं. तिने टाचण्या हातावर काढल्या आणि तिला जे एकच येत होतं ते ती करायला लागली. "हात," ती म्हणाली. माइकने ते उचललं. हशा. "दुसरा." हशा. "मान वर." ती इतक्या घाईने कोट ओढत होती की मास्तर जागच्या जागी फिरले. आता संपवायचं, यांना दारातून बाहेर ढकलायचं, पडदा पाडायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात मास्तरांनी तिचं मनगट धरलं. घट्ट. ओठ न हलवता ते म्हणाले, "सावकाश. हसू दे त्यांना."

तिने वर बघितलं. त्यांचे डोळे लख्ख होते. अंधारातला तो भांबावलेला माणूस कुठे गेला होता कोण जाणे. ते वाट बघत होते, हशा कुठे चढतो, कुठे उतरतो. तो पुरता उतरायच्या आत त्यांनी घातलेली बाही शांतपणे काढली.

"मी नाही जात कचेरीत," मास्तर म्हणाले.

भिंगरीने बाही परत घातली. "जायला पाहिजे."

"का?"

"उशीर झालाय."

"कशाला उशीर झालाय?"

तिच्यासाठी लिहिलेलं असं काहीच नव्हतं. जे खरं वाटलं ते ती बोलली. "सगळ्यालाच."

स्टुडिओ हादरला. मास्तरांनी दुसरी बाही काढली. "इतकी वर्षं घालतेस मला कपडे. एकदा तरी विचारलंस, काय घालायचंय?"

"विचारायला वेळ असतो का?"

"आता आहे."

"मग सांगा ना! काय घालायचंय?"

मास्तर थांबले. किती थांबले! भिंगरीला वाटलं, गेलं, विसरले. पण ते विसरले नव्हते. त्यांनी पुढच्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांकडे बघून घेतलं आणि निरागसपणे म्हणाले, "तुझा एप्रन."

माणसं खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली. मग तो एप्रन मास्तरांच्या अंगात गेला, कोट भिंगरीच्या, आणि त्यांनी तिलाच दारातून कचेरीत पाठवून दिलं. जाताना तिच्या कोटावरचा कण झटकला, मान वर केली, मनगटावर चापट मारली. पडदा पडला. सगळा वेळ तिला काहीच कळत नव्हतं, आणि त्यांना सगळं कळत होतं.

कार्यक्रमाच्या शेवटी सगळे रांगेत उभे राहिले. मास्तर एक पाऊल पुढे आले. भिंगरी विंगेतून बघत होती. आता सांगतील, तिने मनात म्हटलं, आणि आपली सुटका होईल. घरी जाऊन नवऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगता येईल. लोक उठून उभे राहिले होते. मास्तरांनी मागे वळून तिला हाताला धरून ओढत पुढे आणलं, तिच्यासकट वाकले, आणि दोन्ही हात उंचावून म्हणाले, "भेटू पुढच्या हंगामात!"

मेकअपच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बँडवाले, नाचणाऱ्या मुली, लाइटवाले, तो घसा बसलेला गायक. मास्तर खुर्चीत बसलेले, कारकुनाचा कोट पुन्हा अंगात, चेहरा उजळलेला. दारापाशी त्यांची बायको पिशवी धरून उभी. निर्माता भिंगरीचे दोन्ही हात धरून हलवत होता. "बाई, काय केलंत हो तुम्ही! लिहून असं होत नाही. मास्तर, हे नवरा-बायको पुढच्या हंगामात दर शनिवारी हवेत. काय म्हणता?"

"करू की," मास्तर म्हणाले. "दर शनिवारी करू."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. ठरलेलं विसरले, की बेत बदलला? तिला ठरवता येईना. पण एक गोष्ट तिला चटकन कळली. ती मागोमाग उजेडात गेली नसती तर आज सगळं संपलं असतं. वाईट संपलं असतं, पण संपलं असतं. तिने त्यांना वाचवलं होतं आणि वाचवून पुन्हा त्याच अंधारात उभं केलं होतं. पुढच्या वर्षी गाणी असणार, आखूड असणार, लांब असणार. तिने दिलेला शब्द फक्त आजपर्यंतचा होता.

"मास्तर पुढच्या हंगामात येणार नाहीत," ती म्हणाली. नेहमीसारखीच, घाईघाईने. "त्यांना आठवत नाही. पडद्यामागे त्यांना काही आठवत नाही. कितीतरी शनिवार मी सांगत आलेय त्यांना, ते कोण आहेत ते."

मास्तरांनी हळूच मान वळवली. तिला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. मग नेमकं जितकं थांबायला हवं तितकं थांबून त्यांनी निर्मात्याला विचारलं, "ही बाई कोण? हिला आत कुणी सोडलं?"

हशाचा स्फोट झाला. निर्माता टेबलावर थाप मारून हसला. नाचणाऱ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भिंगरी हात लोंबकळत उभी राहिली. ते चिडून बोलले, की थट्टेवारी नेत होते, की त्या क्षणी खरोखरच त्यांना ती ओळखू आली नव्हती, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिला एवढंच कळलं की फार लागलं.

हशा विरत गेला, कारण एक माणूस हसत नव्हतं. मास्तरांच्या बायकोने पिशवी खाली ठेवली होती.

"ती खरं बोलतेय," बाई तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. "मलाही त्यांनी शपथ घातली होती. स्टुडिओत कुणाला सांगायचं नाही. आणि हिला तर नाहीच नाही." ती भिंगरीकडे वळली. "मी दर शनिवारी तुम्हाला विचारत होते. वाटायचं, तुमच्या लक्षात आलं असेल तर तुम्ही बोलाल."

"आणि मी दांडीमागे लपत होते," भिंगरी म्हणाली.

"पाय दिसायचे तुमचे."

आता कुणी हसलं नाही. निर्मात्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून सगळ्यांना बाहेर काढलं, मग तोही गेला आणि दार ओढून घेतलं. मास्तर आरशाकडे बघत होते.

"दोघींनी मिळून बाहेर काढलंत मला," ते म्हणाले.

"हो," भिंगरी म्हणाली. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि त्यांना गदगदा हलवावंसंही वाटत होतं. शेवटी ती जवळ गेली आणि म्हणाली, "हात."

मास्तरांनी आरशावरून नजर काढली. मग त्यांनी हात वर केले.

तिने कारकुनाचा कोट काढला. खालची पोस्टमनची पँट काढली. एकाला शिवलेला दुसरा असा शर्ट काढला, गळ्याची पट्टी काढली, राहिलेली अर्धी मिशी तेल लावून ओल्या कापसाने अलगद सोडवली. आत बनियन आणि लहानखुरा, थंडीने आखडलेला माणूस. सवयीने भिंगरीचा हात मागे दांडीकडे गेला. तिथे पुढचं काहीच नव्हतं. बायकोने पिशवीतून एक तपकिरी स्वेटर काढून तिच्या हातात दिला, कोपराला विरलेला.

मास्तरांनी तो निरखून बघितला. "हा कुणाचा?"

"तुमचा," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा एकदा स्वेटरकडे बघितलं आणि त्यात हात घालायला सुरुवात केली.